काकीचा बिब्बा

माझा आवाज मोठा आहे. माहेरी म्हणायचे, ही कुजबुजली तरी पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकतात. ऑफिसात या आवाजाचा उपयोग होतो, टेबलापुढची गर्दी एका वाक्यात रांगेत उभी करता येते. घरातही त्याचा कुणाला फारसा त्रास नाही, कारण नवरा मुळात कमी बोलतो आणि त्याहून कमी ऐकतो. पण या आवाजाने मी एका बाईचं जे करून ठेवलं, ते निस्तरायला मात्र मला सात वर्षं तोंड उघडता आलं नाही. याची मला लाज वाटते. ती लिहून जाते का बघू, म्हणून बसले आहे.

आमची वाडी कसालपासून जरा आत आहे. मी रोज बसने ओरोसला कामाला जाते. घराच्या उजव्या अंगाला दगडांचा गडगा, गडग्यापलीकडे काकीचं घर, आणि तिच्या अंगणाच्या कडेला बिब्ब्याचं झाड. काकी नवऱ्याच्या भावकीतली, लांबची. मी लग्न होऊन आले तेव्हाच ती एकटी राहत होती. अख्खी वाडी तिला काकीच म्हणते, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. वाडीचा सार्वजनिक नळ तिच्या अंगणाला लागूनच आहे, त्यामुळे सकाळचं पाणी भरताना सगळ्यांचा निम्मा वेळ तिच्या अंगणात जातो. आमच्याकडच्या बातम्या पेपरात येण्याआधी तिथे येतात.

बिब्बा लोकांना माहीत असतो तो दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगलेला. झाड फार जणांनी पाहिलेलं नसतं. हातभर लांबीची पानं असतात, शिमग्याच्या सुमाराला ती गळून पडतात आणि झाड उघडंबोडकं उभं राहतं. थंडीत फळ धरतं. खाली काळी, चपटी, गुळगुळीत बी आणि वर नारिंगी बोंड. काजूचंच धाकटं भावंड म्हणा ना. बीच्या आत काळं तेल असतं, ते अंगाला लागलं की फोड येतात. त्याला आमच्याकडे बिब्बा उतला म्हणतात. पण वरचं बोंड, बी पिरगळून काढून निखाऱ्यावर भाजलं की खजुरासारखं गोड लागतं. जास्त खाल्लं तर मात्र तोंड येतं.

काकीला या झाडाचं सगळं ठाऊक होतं. भातलावणीत चिखलात उभं राहून बायकांची पायाची बोटं कुजली की त्या तिच्याकडे जायच्या. ती सुईच्या टोकावर बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि तेलाचा एक थेंब नेमका हवा तिथे सोडायची. एकच. दुसऱ्या थेंबाला कातडं जातं, असं म्हणायची. काटा मोडला, टाच फुटली, काकी. सासरी निघालेल्या मुलीच्या चादरीवर न पुसणारी खूण करायची, तीही काकीच. आणि बाळंतिणीसाठी गोडंबी. बिब्ब्याची काळी बी फोडली की आत पांढरा, खाण्याजोगा गर निघतो, तो लाडवात घालतात. पण ती बी फोडणं म्हणजे विंचवाची नांगी काढण्यातलं काम. हातांना खोबरेल चोपडून, दगडाने एकेक फोडावी लागते, तेल डोळ्यात उडालं तर संपलं.

माझ्या बाळंतपणात ती आठ दिवस ते काम करत होती. मी खाटेवर पडून गडग्यापलीकडून ठक ठक ऐकायची. लाडवांचा डबा घेऊन आली तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांवर फोड होते. मी विचारलं तर म्हणाली, "वायच उतलो. चेडवाक दूध येऊक होया ना?" चेडू म्हणजे माझी तान्ही पोर.

हे मी आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असायला हवं. माझ्या ते लक्षात राहिलं नव्हतं.

मुलगी सहा वर्षांची होती त्या वर्षी आमचे साहेब बायकोसह आमच्याकडे जेवायला येणार होते. नुकतेच बदलून आलेले, घाटावरचे. ऑफिसात मी बोलून बसले होते की ओल्या काजूगरांची उसळ खाल्ली नाहीत तर तुम्ही इथे आलातच नाही. बोलले खरी, आणि मग शनिवारी दुपारी हिरव्या काजूबियांचा ढीग पुढ्यात घेऊन ओटीवर बसले. ओला काजू सोलणं सोपं नाही. बी मधोमध कापायची, काडीने आतला गर अलगद काढायचा, आणि सालीतला चीक अंगाला लागू द्यायचा नाही. तो लागला तर भाजल्यासारखं होतं, बोटांची सालं निघतात. म्हणून बसण्याआधी हातांना खोबरेल लावायचं. हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही माहीत असतं.

मी माझ्या हातांना तेल लावलं. कोपरापर्यंत नाही, पंजांना. थोड्या वेळाने मुलगी येऊन शेजारी बसली. तिची बोटं बारीक, गर न मोडता निघायचा, आणि साहेबांच्या बायकोपुढे मला मोडके गर वाढायचे नव्हते. "काढ गं तू," म्हटलं. तिने तासभर काढले. मध्येच तोंड पुसत होती, केस मागे सारत होती. मी तिच्या हातांना तेल लावलं नाही. विसरले. दुसरं कारण नाही, आणि शोधायला गेलं तरी सापडत नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी काकीकडे गेली. काकी चुलीपुढे बिब्ब्याची शेवटची बोंडं भाजत होती. मुलगी परत येऊन मला म्हणाली, "आई, काकीनं गोड बोंड दिलं. एकच दिलं. म्हणाली, जास्ती खाल्लंस तर तोंड येतलां."

रविवारी सकाळी तिचे ओठ सुजले होते. हनुवटीवर, नाकाखाली, बोटांच्या पेरांवर फोड. एक पापणी मिटलेली. आणि साहेब साडेबाराला येणार.

मला भीती वाटली हे खरं. पण त्या भीतीत साडेबाराचाही वाटा होता, हेही तितकंच खरं. मी पोरीला दंडाला धरून काकीच्या अंगणात नेलं. रविवार, नळाला पाणी आलेलं, आठ-दहा बायका हंडे-कळशा घेऊन उभ्या. मी कुणाकडे बघितलं नाही आणि सुरू झाले. तेही मालवणीत नाही. मालवणीत भांडलं तर समोरचीला उलट बोलायला जागा मिळते. मी ऑफिसातली मराठी काढली.

"तुम्हाला काही समजतं का? लहान मुलाच्या तोंडात विष घालता? अडाणीपणाला काही मर्यादा असते! उद्या हिचा डोळा गेला तर भरून देणार आहात? पुन्हा या वाडीतल्या कुठल्याही मुलाला हात लावाल तर बघा!"

त्या शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. पण ते माझ्या तोंडून निघालं, आणि वाडीने नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

काकी तांब्या घेऊन तुळशीपाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मिया भाजून दिललंय गो. बी काढून." मग तांब्या खाली ठेवून पुढे आली, पोरीचा हात हातात घेतला, उलटा करून बोटांची पेरं बघितली. नखांच्या कडा बघितल्या. आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, खजील झाली. मी पोरीचा हात हिसकावून घेतला.

कसालच्या डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? मी म्हटलं, बिब्बा. शेजारणीने खायला दिला. त्यांनी टॉर्च लावून तोंडात बघितलं. "आत काही नाही, नशीब," म्हणाले आणि मलम दिलं. खाल्ल्याने झालं असेल तर तोंडाच्या आत कसं काही नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला घड्याळ दिसत होतं. साहेब आले, जेवले. उसळ दोनदा घेतली. त्यांची बायको म्हणाली, "एकही गर मोडलेला नाही, कमाल आहे!" पोरगी आतल्या खोलीत तोंडाला मलम फासून झोपली होती आणि मी वाढत होते.

मंगळवारी तिला न्हाऊ घालताना बाही वर सारली तर माझ्या मनगटाच्या वर, तेल संपलं होतं तिथून पुढे, तसेच फोड. बारीक, ओळीने. पोरीने ते बघितले आणि विचारलं, "आई, तुलापण काकीचा बिब्बा लागला?"

मी बिब्ब्याला हात लावला नव्हता. काकीच्या घराची पायरीही चढले नव्हते. तिथेच, पाण्याचा तांब्या हातात धरून, मला सगळं कळलं. काजू. ओटी. तिची बारीक बोटं. काकीने उलटा करून बघितलेला हात.

मी म्हटलं, "हो."

त्या एका 'हो'ची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अंगणातल्या ओरडण्याची नाही तेवढी. ओरडले तेव्हा मला माहीत नव्हतं. 'हो' म्हणाले तेव्हा माहीत होतं. मग मी बाही खाली केली, आणि पुढचे आठ दिवस लांब हातांचे ब्लाउज घालून ऑफिसला गेले.

लगेच गेले असते तर काय झालं असतं? काही नाही. बायका हसल्या असत्या, चार दिवस नळावर माझी टिंगल झाली असती, "शिकलल्यांचा ह्यां असां." तेवढंही मला नको होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा गेला, आणि आठवड्यानंतर जायला आधीच्या सात दिवसांचंही कारण सांगावं लागलं असतं. असं करत महिने झाले. उशीर जितका वाढतो तितका दरवाजा लहान होत जातो.

वाडीने काकीला वाळीत वगैरे टाकलं नाही. आमच्याकडे असं काही उघड होत नाही. फक्त बायका आपल्या पोरांना हाका मारून घेऊ लागल्या. पाय कुजले तर कसालहून ट्यूब आणू लागल्या. कुणाच्या सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा गोडंबी बाजारातून आली. "काकीचो हात आता पयल्यासारको ऱ्हवलो नाय," एवढंच बोललं जायचं, तेही हळहळून. तिच्या हाताला काय झालं होतं? ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी मान हलवायचे.

काकीने बोंडं भाजणं सोडलं. पुढच्या थंडीपासून ती रोज सकाळी झाडाखाली खराटा मारू लागली. पडलेलं फळ न् फळ गोळा करायची आणि परसात खड्डा खणून त्यात पुरायची. कुठल्या पोराच्या हाताला लागायला नको. मी स्वयंपाकघरात डबे भरत असायचे तेव्हा खिडकीतून तो आवाज यायचा. खर्र, खर्र. पौष-माघात रोज. मी मिक्सर लावायचे. लावायला काही नसलं तरी लावायचे.

दोन वर्षांनी एकदा धीर केला. चतुर्थीच्या दिवसांत करंज्यांचा डबा घेऊन दुपारची तिच्याकडे गेले, वाडी झोपलेली असताना. तिच्या माजघरात, पाटावर बसून, खाली बघत सगळं सांगितलं. काजू, तेल, माझे फोड. इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात बोलले नसेन. वाटलं होतं, ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा म्हणेल, जाऊं दे गो. म्हाताऱ्या बायकांनी माफ करायचं असतं अशी आपली एक समजूत असते.

ती म्हणाली, "माका म्हायत आसा. तेव्हाच म्हायत होतां. चेडवाच्या नखांत काजीचो चीक होतो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"मिया बोललंय असतंय तर कोणी ऐकलां असतां? तू शिकलली." तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "आंगणात ओरडललंस मां? मगे आंगणातच सांग. हय माजघरात सांगान माका काय उपेग?"

"सांगते," मी म्हटलं. खरंच सांगणार होते.

त्यानंतर पाच वर्षं गेली. कधी नळावर पाहुणे होते, कधी कुणाचं सुतक होतं, कधी माझी बस चुकत होती. काकीने एकदाही आठवण करून दिली नाही. समोरासमोर आलो की मी काहीतरी कामाचं बोलायचे. पाऊस लांबला. लाईट गेली. ती ऐकून घ्यायची आणि उभी राहायची, पुढचं ऐकायला. पुढचं माझ्याकडे नसायचं.

यंदा मुलीला शाळेतून काम मिळालं. आपल्या वाडीतली झाडं आणि त्यांचे उपयोग, वहीत लिहून आणायचे. ती तेरा वर्षांची झाली आहे. अक्षर सुरेख, माझ्यावर गेलेलं नाही. परवा शनिवारी संध्याकाळी वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "शुद्धलेखन बघ." किंजळ, कुंभा, आंबाडा, फणस. मग बिब्बा. खाली लिहिलं होतं: 'हे झाड विषारी आहे. मी सहा वर्षांची असताना आमच्या शेजारच्या काकींनी मला याचे फळ खायला दिले. त्यामुळे माझा डोळा जाता जाता वाचला. जुन्या लोकांच्या अज्ञानामुळे असे प्रकार घडतात.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी पेन्सिल हातात घेऊन बसून राहिले. ती म्हणाली, "काय झालं? 'अज्ञान' बरोबर आहे ना?" तेव्हा मी सांगितलं. यावेळी काही सुटलं नाही. तेल माझ्या हातांना लावलं, तुझ्या नाही, इथपासून ते त्या न्हाणीतल्या 'हो'पर्यंत. करंज्यांच्या डब्यापर्यंत.

ती माझ्यासारखी ओरडत नाही. वही स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "त्या मला हाक मारायच्या. शाळेत जाताना. मी ऐकलं नाही असं करून पळायचे." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बघायचीस ना खिडकीतून?"

मी बघायचे.

तिने पान फाडलं नाही. खोडलंही नाही. वही मिटून आत गेली आणि जेवली नाही.

काल रविवार. नळाला पाणी आलं होतं. मी चहा ठेवत होते, बाहेर खराटा चालू होता. मुलगी ओटीवरून उतरून गडग्याच्या खिंडीतून पलीकडे जाताना दिसली. सात वर्षांनी. खराटा थांबला. नळावरच्या बायका बोलत होत्या त्याही हळूहळू थांबल्या.

"काकी," ती म्हणाली. घरात मी तिला मालवणी बोलू देत नाही, पण तिला ती माझ्याहून चांगली येते. "माका तुझ्या बिब्ब्यान कायएक झालां नव्हतां. आईन माका काजी सोलूक बसवल्यान, तेंचो चीक लागललो. तुझी काय चूक नव्हती."

स्वच्छ आवाजात. प्रत्येक शब्द खिडकीपर्यंत आला. मी गॅस बंद केला आणि खिडकीशी गेले. मनात पहिलं काय आलं ते लिहिते, कारण लपवून आता काही उरत नाही: सुटले. झालं एकदाचं. माझ्याऐवजी कुणीतरी सांगितलं.

काकीने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पण ती पोरीकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती.

"शाणी गो माझी बाय," ती म्हणाली. "आता आवशीक भायर बोलव."

पोरीने हाक मारली नाही. नुसती वळून माझ्याकडे बघत राहिली. मी गेले. अनवाणी, पदराला हात पुसत. खिंडीतून पलीकडे पाऊल टाकलं तेव्हा पायाखाली बिब्बे होते, अजून न झाडलेले. बायकांत त्या दिवशीच्या सहा-सात जणी तरी होत्या. काहींचे केस पिकलेत. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सात वर्षं मनाशी घोकलेली वाक्यं होती, कारणांसकट. त्यातलं एकही आठवेना.

"काकी, माझां चुकलां," मी म्हटलं. "काजीचो चीक होतो. माका तेव्हाच कळललां."

माझा तो आवाज. ज्याने रांगा लागतात. तो माझ्या हनुवटीच्या पुढे गेला नाही.

काकीने खराटा झाडाला टेकवून ठेवला.

"मोठ्यान," ती म्हणाली. "त्या दिवशी ओरडललंस तितक्या."

कुणीतरी नळ बंद केला. मी परत पहिल्यापासून सांगायला लागले.